कौतुकाला निधी लागत नाही

सेवा दलाची शाखा असो, स्काऊटचं पथक असो की सोसायटीतलं बालमंडळ, मुलांचा गट चालवणाऱ्या ताई-दादांची एक अडचण ठरलेली असते: मुलांना काहीतरी द्यायचंय, पण पैसे नाहीत. ट्रॉफ्या आणि कंपासपेट्या आणल्या की वर्गणी तिथेच संपते. मुलांचं कौतुक व्हायलाच हवं, याबद्दल दुमत नाही. ते कशाने होतं, याबद्दलच्या आपल्या समजुती मात्र तपासून पाहायला हव्यात.

गैरसमज : बक्षीस जाहीर केलं की मुलांची आवड वाढते.

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याच्या उलट सांगतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली, चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलं तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र चित्र झाल्यावर अचानक दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा रंग मांडले, तेव्हा आधी आमिष दाखवलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. म्हणजे खोट बक्षिसात नाही, आमिषात आहे. मुलं जे आपणहून करतात, त्याचा आधी सौदा करू नका.

गैरसमज : ‘किती हुशार आहेस!’ म्हटलं की आत्मविश्वास वाढतो.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 साली पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काही मुलांच्या हुशारीचं कौतुक केलं, काहींच्या मेहनतीचं. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यात अपयश आल्यावर ‘हुशार’ मुलं लवकर खचली आणि पुढची सोपी कोडीही त्यांना आधीइतकी जमली नाहीत. इतकंच नव्हे, आपले गुण लिहून कळवायला सांगितल्यावर त्यांच्यातल्या दहापैकी जवळपास चौघांनी ते वाढवून सांगितले. मेहनतीची दाद मिळालेल्यांत असं करणारी मुलं बरीच कमी होती.

म्हणून गोष्ट सांगून खाली बसणाऱ्या मुलीला ‘छान!’ म्हणून सोडू नका. ‘मध्ये अडखळलीस, पण थांबली नाहीस, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज आला,’ असं सांगा. आपण नेमकं काय केलं, हे तिला कळतं आणि पुढच्या वेळी तेच पुन्हा करता येतं.

गैरसमज : कौतुकाने मुलं शेफारतात.

खऱ्या कौतुकाने नाही. फुगवलेल्या कौतुकाचा धोका मात्र वेगळाच आहे. साध्या चित्राला ‘अप्रतिम!’ म्हटलं की स्वतःबद्दल आधीच साशंक असलेली मुलं पुढचं अवघड काम टाळतात, असं नेदरलँड्समधल्या संशोधनात 2014 साली दिसून आलं. तेवढं पुन्हा जमेल का, ही धास्ती त्यांना वाटत असावी.

गैरसमज : पहिल्या तिघांनाच नाव मिळालं पाहिजे.

स्काऊट चळवळीने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच सोडवला. तिथे पोहणं, स्वयंपाक, प्रथमोपचार अशा कौशल्यांचे बिल्ले असतात आणि ठरलेली कसोटी पार करणाऱ्या प्रत्येकाला बिल्ला मिळतो. कुणाला हरवावं लागत नाही. आपल्या गटात हेच पुठ्ठ्याच्या बिल्ल्यांवर भागतं. गाठी बांधता आल्या, लहानांना लगोरी शिकवली, वाचनालयातली पुस्तकं लावली, अशी कोणतीही कसोटी ठरवावी. जबाबदारी हीसुद्धा मोठी शाबासकी असते. मागे बसणाऱ्या मुलाच्या हाती शिट्टी किंवा हजेरीची वही द्या आणि त्याची मान कशी ताठ होते, ते पाहा.

गैरसमज : कौतुक सगळ्यांसमोरच करावं.

एका बोटापासून पाच बोटांपर्यंत वाढत जाणारी पावसाची टाळी सगळ्या गटाला आवडते, पण लाजाळू मुलाला त्याच वेळी जमिनीत शिरावंसं वाटतं. अशा मुलासाठी मला पोस्टकार्डासारखा दुसरा उपाय दिसत नाही. किंमत 50 पैसे. वर मुलाचं पूर्ण नाव, खाली दोन ओळी: ‘शनिवारी खेळताना चिमी पडली, तेव्हा डाव सोडून तू तिच्यासाठी पाणी आणलंस. मी पाहिलं.’ पोस्टमन ते घरी नेऊन देतो. कार्ड उघडंच असल्यामुळे आजी वाचते, बाबा वाचतात, आणि मुलाला स्वतःहून काहीच सांगावं लागत नाही. मोठ्यांची पत्रं येणं बंद झाल्याच्या काळात मुलाच्या नावाने पत्र येणं हाच केवढा मान आहे!

या सगळ्याला फारसे पैसे लागत नाहीत, पण मुलांकडे लक्ष असावं लागतं. तेव्हा येत्या रविवारी एका वहीत गटातल्या प्रत्येक मुलाचं नाव लिहा आणि पुढे त्याने अलीकडे केलेली एक चांगली गोष्ट लिहा. ज्या नावापुढे काहीच सुचणार नाही, त्या मुलाकडे पुढच्या रविवारी सगळ्यात आधी पाहा.