हातात किती महिने आहेत? नोकरी शोधतानाचा हिशोब

एसटीत बसून ऐकताना ज्यांना अर्धा भाग ऐकूच आला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमुळे सुचला. मुलगा आपल्या खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजाचा, सध्या चाकणला. कंपनीतलं कंत्राट संपलं, दुसरं काम अजून मिळालेलं नाही. तो विचारतो, "भाऊ, जवळ चाळीस हजार हायेत. इथंच थांबू का गावाले जाऊ? अन् पीएफ काढून घेऊ का?"

आधी चाळीस हजार. हा आकडा रुपयांत पाहिला की मोठा वाटतो, म्हणून तो महिन्यांत मोजा. समजा रूमचा वाटा, मेस, रिचार्ज, पेट्रोल धरून तिकडे महिन्याला 10 हजार लागतात. म्हणजे हातात 4 महिने. गावी आलात, घरात थोडे पैसे दिले, तरी 4 हजारांत भागतं. म्हणजे 10 महिने.

मग सरळ गावी यायचं? थांबा ना. मुलाखतीला पुण्याला जायचं तर शेगावहून महाराष्ट्र एक्सप्रेस किंवा ट्रॅव्हल्स, तिथं राहणं, खाणं, आणि उद्या या म्हटलं तर आणखी एक दिवस. माझं मत असं, की पहिला महिना तिकडेच थांबा आणि रोज अर्ज करा, ओळखीच्यांना भेटा. महिन्याभरात एकही मुलाखत लागली नाही तर रूम सोडा. आणि हो, जुन्या कंपनीकडून यायचा हिशोब हातात पडेपर्यंत या गणितात धरू नका. तो कधी येईल त्याचा नेम नसतो.

आता पीएफ. इथंच बहुतेक जण घाई करतात. नोकरी गेल्यावर 75 टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. बाकीची किती महिन्यांनी मिळते, तो नियम 2025 मध्ये बदलायचं ठरलं, म्हणून अर्ज भरण्याआधी ईपीएफओच्या पोर्टलवर आजचा नियम बघून घ्या. पण काढता येतात म्हणून काढायचेच का? 2024-25 साठी पीएफवर 8.25 टक्के व्याज होतं. समजा खात्यात 60 हजार आहेत. ते नव्या कंपनीत त्याच यूएएनवर ट्रान्सफर केले आणि व्याज एवढंच राहिलं, तर 30 वर्षांत त्याचे सुमारे साडेसहा लाख होतात. शिवाय 5 वर्षांच्या आत 50 हजार किंवा जास्त रक्कम काढली, तर पॅन जोडलेलं असूनही साधारणपणे 10 टक्के टीडीएस कापतात.

पेन्शनचं तर कुणी सांगतच नाही. त्यासाठी एकूण 10 वर्षं नोकरी भरावी लागते. फॉर्म 10सी भरून पेन्शनचे पैसे काढले, की मागची वर्षं मोजणीतून गेली. त्याऐवजी त्याच फॉर्मवर स्कीम सर्टिफिकेट मागता येतं, मग ती वर्षं टिकतात. घरात आजारपण असेल, पर्यायच नसेल, तर काढा बापा, त्यासाठीच आहे तो पैसा. पण मोबाइल घ्यायला नको.

पगारातून ईएसआय कापलं जायचं का, तेही पे-स्लिपवर बघा. 2018 मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. अटींत बसणाऱ्याला नोकरी गेल्यावर सरासरी रोजच्या वेतनाच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, असा भत्ता त्यात ठरला. ही मदत आयुष्यात एकदाच. ईएसआयच्या शाखेत चौकशी करायला काय जातं?

बाईकचा हप्ता असेल तर तो खर्चात सगळ्यात वर लिहा. बँकेच्या भरतीत उमेदवाराचा क्रेडिट इतिहासही पाहतात. म्हणजे आज चुकलेला हप्ता उद्याची नोकरी अडवू शकतो. हप्ता भरायला झटपट लोन ॲपवरून कर्ज काढणं, हे तर त्याहून वाईट.

आणि रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग किट, गेटपास डिपॉझिट अशा नावांनी नोकरीआधी कुणी पैसे मागितले, तर फोन ठेवा. सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नोंदणीला एक रुपयाही लागत नाही, आणि रोजगार मेळाव्यांची माहितीही तिथंच मिळते.

त्या मित्राला मी एवढंच कळवलं: पीएफला हात लावू नको, आणि रूम सोडायची तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाक. काय झालं ते तो कळवणार आहे.