कूलरच्या घरघरीतली घंटा

झोपेत मुलाचा श्वास अडण्यामागे बहुधा वाढलेले टॉन्सिल आणि ॲडिनॉइड असतात. ते काढूनही त्रास राहिला, तर डॉक्टर सीपॅप यंत्र सुचवतात. 1980 साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी प्रथम वापरलेली ही युक्ती साधी आहे: मास्कमधून येणारा हवेचा हलका दाब घशाची वाट मिटू देत नाही.

पण ग्वाल्हेरच्या उन्हाळी रात्री वीज गेली तर? यंत्र थांबतं, मास्कमध्ये उच्छ्वासाचीच हवा साचू लागते. म्हणून आईबाबांना उठवणाऱ्या घरच्या घंटेची रचना नेहमीच्या उलटी हवी. वीज असेतो रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, घंटेला गप्प ठेवतो. वीज जाताच तो सुटतो आणि बॅटरीवरची घंटा आपोआप वाजते.

मास्क सरकला, तर नळीतला दाब उतरतो. दुसरी घंटा त्यावर. मूल कुशीवर वळलं तरी दाब क्षणभर हलतो, तेव्हा काही सेकंद थांबूनच ती वाजावी. नाहीतर चार रात्रींत आईबाबाच तिचा आवाज बंद करतील! नळीला जोडणी डॉक्टरांना विचारूनच करावी, उच्छ्वास बाहेर सोडणारी मास्कची छिद्रं कधीही बुजवू नयेत. आणि या दोन्ही घंटा आईबाबांच्या उशाशी हव्यात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरात कूलर घरघरत असताना शेजारच्या खोलीतली पीं-पीं कुणाला ऐकू येणार?