ही वस्तू कोणाची?

जुना वाडा उतरवताना, विहिरीतला गाळ काढताना किंवा शेत नांगरताना कधी कधी एखादी कोरीव वस्तू हाती लागते. ती लाकडाची असते, हाडाची असते, दगडाचीही असते. विद्यार्थी ती वर्गात आणतात आणि विचारतात, "सर, हे काय आहे?" बहुतेक वेळा आपण वरचे नक्षीकाम पाहतो आणि ते कशासारखे दिसते यावरून उत्तर देऊन मोकळे होतो. पण 'कशासारखे दिसते' हा फार कच्चा पुरावा आहे. अनोळखी वस्तू शास्त्रीय रीतीने कशी ओळखतात, हे एका खऱ्या उदाहरणावरून पाहू. या उदाहरणाचे एक टोक इटलीत आहे आणि दुसरे आपल्या मराठवाड्यात.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पाँपेई हे रोमन शहर राखेखाली गाडले गेले. तेथील उत्खननात १९३८ साली एका घरात सुमारे २४ सेंटिमीटर उंचीची एक कोरीव मूर्ती सापडली. मध्यभागी उभी स्त्री, दोन्ही बाजूंना दोन लहान दासी. हातांत कोपरापर्यंत कंकणे, पायांत वाळ्यांची चळत. रोमन घरात सापडलेली ही बाई रोमन नव्हती, हे उघड होते. मग ती कोठली?

संशोधकांनी विचारलेले प्रश्न आपण चार भागांत मांडू.

पहिला प्रश्न : वस्तू कशाची आहे? लाकूड, हाड आणि हस्तिदंत जुने झाले की रंगाने सारखेच पिवळट-तपकिरी दिसू शकतात. अशा वेळी साधे भिंग उपयोगी पडते. लाकडाच्या आडव्या छेदावर रसवाहिन्यांची छिद्रे आणि अनेकदा वाढीची वलये दिसतात. हाडावर रक्तवाहिन्यांच्या नळ्यांचे बारीक ठिपके किंवा रेघा दिसतात. हत्तीच्या सुळ्याच्या आडव्या छेदावर मात्र एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. पाँपेईची मूर्ती हस्तिदंताची आहे. पण हस्तिदंत आफ्रिकेतूनही येई. म्हणून नुसत्या पदार्थावरून देश ठरत नाही.

दुसरा प्रश्न : वस्तू केव्हाची आहे? येथे ज्वालामुखीनेच उत्तर दिले. राखेच्या थराखाली सापडलेली वस्तू उद्रेकानंतरची असूच शकत नाही. म्हणजे मूर्ती इ.स. ७९ पूर्वी घडवली गेली. किती पूर्वी, हे राख सांगत नाही. पण एक बाजू पक्की झाली. हे ज्ञान मूर्तीच्या रूपातून आलेले नाही, ती जेथे पडली होती त्या जागेतून आले आहे.

तिसरा प्रश्न : वस्तू कशासाठी होती? प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले आणि 'पाँपेईची लक्ष्मी' हे नाव आजही चालते. पण तिच्या हातात कमळ नाही, बाजूला हत्ती नाहीत. त्यामुळे ती यक्षी असावी, असे आज अनेक अभ्यासक मानतात. शिवाय मूर्तीच्या माथ्यातून खाली एक भोक पाडलेले आहे. केवळ पूजेच्या मूर्तीला असे भोक कशाला हवे? त्यात दुसरे काहीतरी बसवलेले असणार. कोणी तिला आरशाची मूठ म्हणतात, कोणी लहान मेजाचा पाय. नक्षीपेक्षा हे भोक अधिक बोलके आहे!

चौथा प्रश्न सर्वांत अवघड : वस्तू कोठली? आधी मथुरेचे नाव पुढे आले. मूर्तीवर खरोष्ठी लिपीतले एक अक्षर कोरलेले आहे आणि ही लिपी वायव्य भारतात चाले. अफगाणिस्तानात बेग्राम येथे १९३७ ते १९३९ या काळात भारतीय धाटणीच्या हस्तिदंती वस्तूंचा मोठा साठा सापडला होता. त्यांतील कित्येक तुकडे लाकडी आसनांवर जडवलेले होते. लाकूड कुजून गेले, हस्तिदंत तेवढे उरले. यातल्या काही तुकड्यांवरही जुळणीसाठी कोरलेली अक्षरे आहेत. तेव्हा पाँपेईची मूर्तीही वायव्येकडचीच, असे वाटणे स्वाभाविक होते.

यानंतर चित्र बदलले ते महाराष्ट्रातून. छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) ईशान्येला केळना नदीकाठी भोकरदन आहे. आज ते जालना जिल्ह्यात येते. १९८१ पूर्वी औरंगाबाद जिल्ह्यातच होते. हेच प्राचीन भोगवर्धन. येथील दात्यांची नावे सांची आणि भारहुत येथील स्तूपांच्या शिलालेखांत आहेत. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून येथे उत्खनन केले. त्यात हस्तिदंताची एक तुटकी स्त्रीमूर्ती मिळाली. तिची ठेवण आणि अलंकार पाँपेईच्या मूर्तीशी जुळणारे होते. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या संग्रहातही याच घराण्यातली म्हणावी अशी हस्तिदंती मूर्ती आहे.

याला व्यापाराच्या पुराव्याचीही जोड मिळते. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, येथून गाड्यांनी माल भडोच बंदराकडे जाई, असे लिहिले आहे. भडोचहून बाहेर जाणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंतही आहे. म्हणजे सातवाहनांच्या राज्यातली कलाकुसर रोमन घरात पोहोचण्याची वाट उघडी होती.

मग खरोष्ठी अक्षराचे काय? दख्खनची लिपी ब्राह्मी होती. ते अक्षर एखाद्या वायव्येकडच्या कारागिराचे किंवा व्यापाऱ्याचे असू शकते. हा वाद पूर्ण मिटलेला नाही. मूर्ती भारतीय आहे आणि ७९ पूर्वीची आहे, हे निश्चित. ती दख्खनची असावी, हे संभवनीय. 'निश्चित' आणि 'संभवनीय' यांतला हा फरक विद्यार्थ्यांना समजला, तर विज्ञानाची निम्मी शिकवण पोहोचली असे आम्ही म्हणू.

आता कल्पना करा. भोकरदनचा तो तुटका तुकडा उत्खननाऐवजी कोणाच्या फावड्याला लागला असता आणि भंगारवाल्याकडून जुन्या वस्तूंच्या बाजारात गेला असता, तर? तुकडा तोच, नक्षी तीच. पण तो भोकरदनचा आहे, हे कोणालाच कळले नसते आणि पाँपेईच्या कोड्यातला एक दुवा कायमचा निसटला असता. लाकडी वस्तूंच्या बाबतीत हा धोका अधिक. आपल्या पावसात आणि वाळवीत लाकूड टिकत नाही. जे थोडे टिकते, ते वाडा उतरवला की गाव, घर आणि जागा यांची नोंद न होताच विकले जाते.

म्हणून वर्गात कोणी अनोळखी वस्तू आणली, तर आधी ती घासूनपुसून चकचकीत करू नका. पुढील नोंदी विद्यार्थ्यांकडून करून घ्या :

१. कोठे, किती खोलीवर, कशाशेजारी, कोणत्या दिवशी सापडली?
२. लांबी, रुंदी, वजन. शेजारी पट्टी ठेवून काढलेले छायाचित्र.
३. भिंगातून काय दिसते? खाचांत रंग, तेल, काजळी आहे का?
४. कोणता भाग हाताळून गुळगुळीत झाला आहे? दुसऱ्या भागात बसवण्यासाठी भोक किंवा जीभ आहे का?
५. 'पाहिले ते' आणि 'वाटले ते' वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

जमिनीतून मौल्यवान वस्तू मिळाल्यास १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हेही मुलांना सांगा. सरावासाठी घरातलीच एखादी वापरातून गेलेली लाकडी वस्तू, समजा कापड छापण्याचा ठसा, नाव न सांगता वर्गात ठेवा. मुलांनी ती ओळखलीच पाहिजे असे नाही. आपण असे का म्हणतो, हे त्यांना पुराव्यासह सांगता आले की पुरे.