खोतानचा दगड, हिंदुस्थानचे कोंदण

मोगल दरबारातील रत्नजडित जेडचे पेले ज्या दगडातून घडले, तो दगड हिंदुस्थानातला नव्हता. आजच्या शिनजियांगमधील खोतानजवळ, कुनलुन पर्वतातून उतरणाऱ्या नद्यांच्या पात्रात त्याचे गोटे सापडत. युरुंगकाश आणि काराकाश या तिथल्या नद्यांच्या नावांचा अर्थच ‘पांढरे जेड’ आणि ‘काळे जेड’ असा आहे. चीनलाही याच पात्रांतून दगड मिळे.

जेडच्या भांड्यांची हौस मोगलांनी तैमूरी पूर्वजांकडून घेतली. समरकंदच्या उलुग बेगचे (१३९४–१४४९) नाव कोरलेला पांढऱ्या जेडचा एक चंबू लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात आहे. त्याची मूठ ड्रॅगनच्या आकाराची, म्हणजे थेट चिनी वळणाची. पुढे जहांगीर आणि शाहजहान यांनीही त्याच चंबूवर आपापली नावे कोरवून घेतली. बादशहांच्या लेखी ती वस्तू म्हणजे वंशावळच होती.

जहांगीरच्या काळात दरबाराच्या कारखान्यात स्वतंत्र काम उभे राहिले. मोमीन या कारागिराची सही असलेली १६१८–१९ची दौत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. नेफ्राइट जातीच्या या दगडात सूक्ष्म तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात, की छिन्नीने तो कोरता येत नाही. कठीण खड्याची पूड लावलेल्या फिरत्या चाकाने तो झिजवत न्यावा लागतो. त्यामुळे पातळ काठाच्या प्रत्येक पेल्यामागे प्रचंड वेळ असे, आणि अखेरच्या टप्प्यातली एक चूकही सगळी मेहनत वाया घालवू शके.

त्यावर जडावकाम होई. जडिया जेडमध्ये खाच पाडी, तीत माणिक किंवा पाचू बसवी आणि भोवती कुंदनाच्या, म्हणजे अतिशुद्ध सोन्याच्या, पातळ पट्ट्या दाबून भरी. इतके शुद्ध सोने नुसत्या दाबाने एकजीव होते. त्याला आच लागत नाही, म्हणून दगड आणि रत्न दोन्ही सुरक्षित राहतात. सोन्याच्या रेषेची देठे आणि माणकांच्या पाकळ्या थेट जेडच्या अंगावर उमलवणे याच युक्तीमुळे शक्य झाले.

या कलेचा कळस मात्र एकही रत्न नसलेल्या पेल्यात दिसतो. शाहजहानसाठी १६५७ साली घडवलेला हा पांढरा पेला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. अर्ध्या भोपळ्याचा घाट, तळाशी कमळ, युरोपीय वळणाची अकँथसची पाने आणि निमुळत्या टोकाला मुठीसारखे वळलेले बोकडाचे डोके. चीन, हिंदुस्थान आणि युरोप यांचे वळण त्यात एकत्र आले आहे, तरी सांधा कुठेच दिसत नाही.

अठराव्या शतकात प्रवाह उलटला. १७५९मध्ये खोतानचा प्रदेश छिंग साम्राज्याखाली आला आणि त्या वाटेने हिंदुस्थानी जेडची भांडी बीजिंगला पोहोचू लागली. छ्येनलुंग सम्राट त्यांच्या पातळपणावर इतका लुब्ध झाला, की त्याने त्यांच्यावर कविता रचल्या आणि त्या भांड्यांवरच कोरवल्या. हजारो वर्षे जेड घडवणारे चिनी कारागीर मग ‘हिंदुस्थानी’ धाटणीची नक्कल करू लागले. सम्राटाच्या संग्रहातली अशी कितीतरी भांडी आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहेत. अनेकांच्या अंगावर मोगली फुलांच्या शेजारीच चिनी अक्षरांतल्या त्याच्या ओळी कोरलेल्या दिसतात.