माउंटन बाइक घेताना, सांभाळताना

दुकानात रंगाआधी सस्पेन्शन किती दबतं ते विचारा. ट्रेल सायकलचं साधारण १२० ते १५० मिलिमीटर दबतं. ती चढही चढते, उतारही निभावते. डाउनहिल सायकलचं सुमारे २०० मिलिमीटर. ती चढावर बहुधा ढकलावीच लागते. वर सोडायला जीप किंवा लिफ्ट नसेल तर हा हौसेचा खर्च टाळलेलाच बरा.

सायकल आपल्या वजनाला जुळवून घ्या. हेल्मेट, सॅक, पाण्यासकट बसल्यावर ट्रेल सायकलचा मागचा शॉक एकूण जितका दबू शकतो त्याच्या २५ ते ३० टक्के दबायला हवा. त्यासाठी हवा शॉक पंपानेच भरा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर इथे चालत नाही.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्कचेच हवेत. त्यांच्या तेलात मात्र दोन जाती: शिमानोला मिनरल ऑइल, इतर काहींना डॉट फ्लुइड. अदलाबदल झाली की आतली सीलं खराब होतात आणि ब्रेक ऐन उतारावर दगा देतो. साखळीला तेल देताना थेंबही डिस्कवर किंवा पॅडवर उडू देऊ नका. स्प्रे तर नकोच.

सह्याद्रीतल्या पावसाळी चिखलानंतर सायकल धुवायलाच हवी, पण गाड्या धुण्याच्या प्रेशर गनने नव्हे. तिच्या झोताने बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. बादली आणि ब्रश पुरे. साखळी लगेच कोरडी करून तेल द्या. तिची झीज मोजायचं साधं माप मिळतं. अकरा-बारा गिअरच्या साखळीत झीज ०.५ टक्क्यांवर गेली की ती बदला. ताणलेली साखळी मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचे, म्हणजे कॅसेटचे, दातही खाते, आणि कॅसेट साखळीपेक्षा बरीच महाग पडते.