हुंडीवर पोसलेले युद्ध

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले, असे आपण शाळेपासून शिकत आलो. इतिहासाचा विद्यार्थी असताना मीही ती तारीख कधी तपासून पाहिली नाही. पुढे शासकीय सेवेत खर्चाच्या मंजुऱ्या, पुरवणी मागण्या आणि लेखापरीक्षणाचे आक्षेप यांत बरीच वर्षे गेली. त्या नजरेने पाहताना मला या युद्धाचा आरंभ सहा वर्षे मागे, एका कागदी कंपनीच्या हिशेबवहीत दिसतो.

हिटलर जानेवारी १९३३ मध्ये सत्तेवर आला, तेव्हा जर्मनीत सुमारे ६० लाख लोक बेकार होते. परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती. व्हर्सायच्या तहाने सैन्याला एक लाखाची मर्यादा घातली होती आणि सरकारला थेट कर्ज देण्यावर राइशबँकेच्या, म्हणजे तेथील मध्यवर्ती बँकेच्या, कायद्याचे बंधन होते. शस्त्रसज्जता तर हवी, पण ती जगाला दिसता कामा नये. हा पेच बँकेचे अध्यक्ष ह्यालमार शाख्ट यांनी सोडवला. सीमेन्स, क्रुप यांच्यासह चार मोठ्या उद्योगांच्या नावाने ‘मेफो’ ही कंपनी स्थापन झाली. नावापुरती ती धातुसंशोधनासाठी होती आणि तिचे भांडवल होते केवळ १० लाख मार्क. शस्त्रे पुरवणारा कारखानदार या कंपनीवर हुंडी काढी आणि ती हुंडी वटवून देण्याची हमी राइशबँक घेई. मुदत कागदोपत्री तीन महिन्यांची, पण ती पाच वर्षांपर्यंत वाढवत नेता येई. १९३८ पर्यंत अशा हुंड्यांची रक्कम सुमारे १२ अब्ज मार्कांवर गेली. कंपनीचे भांडवल आणि ही रक्कम शेजारी शेजारी मांडली, की प्रकरण समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

दुसरे पाऊल अधिक सोपे होते. १९३५ पासून देशाचा अर्थसंकल्प प्रसिद्ध होणेच थांबले. संसद होती, पण ती भाषण ऐकून टाळ्या वाजवण्यापुरती. पहिल्या महायुद्धात सरकारने युद्धरोखे जाहीरपणे विकले होते. या वेळी लोकांपुढे हात पसरण्याची जोखीम राजवटीने घेतली नाही. बचत बँका आणि विमा कंपन्या यांच्याकडे जमलेला पैसा गाजावाजा न करता सरकारी रोख्यांकडे वळवला गेला. आपली पुंजी तोफांत गुंतली आहे, हे पासबुक बाळगणाऱ्याला कोणी विचारले नाही आणि सांगितलेही नाही.

बाकीची व्यवस्था या गुप्ततेच्या आधाराने उभी राहिली. मे १९३३ मध्ये कामगार संघटना मोडल्या, संप बेकायदा ठरले, वेतन गोठले. १९३४ च्या ‘नव्या योजने’ने प्रत्येक आयातीला परवाना आवश्यक केला; कापूस आणि लोकर यांच्याआधी लोहखनिजाचा क्रम लागू लागला. बेकारी खरोखरच ओसरली आणि १९३८ पर्यंत कामगारांचा तुटवडा जाणवू लागला. राजवटीच्या लोकप्रियतेचे हे मोठे कारण होते आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या वर्षापर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा सैन्यावर खर्च होत होता. अशी अर्थव्यवस्था धान्य आणि कापड वाढवत नाही. ती देणी वाढवते.

ऑगस्ट १९३६ मध्ये हिटलरने एक गुप्त टिपण तयार केले. सैन्य आणि अर्थव्यवस्था दोन्ही चार वर्षांत युद्धास सिद्ध झाली पाहिजेत, हा त्याचा सारांश. चार वर्षांच्या योजनेची सूत्रे गोरिंगकडे गेली. कोळशापासून पेट्रोल, कृत्रिम रबर, हलक्या प्रतीच्या देशी खनिजापासून पोलाद अशा उद्योगांना किंमत न विचारता चालना मिळाली. शाख्ट यांनी खर्चाला आवर घालण्याचा आग्रह धरला, तेव्हा नोव्हेंबर १९३७ मध्ये त्यांना अर्थमंत्रिपद सोडावे लागले.

जानेवारी १९३९ मधील प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो. राइशबँकेच्या संचालकांनी ७ जानेवारीला हिटलरला सामुदायिक निवेदन पाठवले. बेसुमार सरकारी खर्च चलनाच्या मुळावर येत आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. २० जानेवारीला शाख्ट बडतर्फ झाले. जूनमध्ये नवा कायदा आला आणि बँक थेट हिटलरच्या हुकमाखाली गेली. मात्र शाख्ट यांना हुतात्मा ठरवण्याचे कारण नाही. ज्या वाटेने पैसा गुपचूप वाहत गेला, ती त्यांनीच खणली होती. त्यांचा ‘नाही’ सहा वर्षे उशिरा आला आणि तोवर ‘नाही’ ऐकणारे कोणी उरले नव्हते.

हुंड्यांची मुदत भरत आली होती, तिजोरी रिकामी होती. भरणा बाहेरूनच व्हायचा होता. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत झाला, तेव्हा तेथील मध्यवर्ती बँकेचे सोने बर्लिनला आले; ते राइशबँकेच्या जाहीर साठ्यापेक्षा अधिक होते. नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचारानंतर नुकसान सोसलेल्या ज्यूंवरच एक अब्ज मार्कांचा दंड बसवण्यात आला. पुढे जिंकलेले देश धान्य, खनिज आणि माणसे पुरवू लागले. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मनीत ७० लाखांहून अधिक परदेशी मजूर आणि युद्धकैदी राबत होते, त्यांतील बहुतेक सक्तीने.

२ मे १९४१ रोजी विविध खात्यांच्या सचिवांची एक बैठक झाली. सोव्हिएत भूमीवरून सैन्यासाठी हवे ते धान्य उचलले, तर लक्षावधी लोक उपाशी मरतील, अशी नोंद तिच्या टिपणात आहे. ती इशारा म्हणून केलेली नाही, नियोजनातील एक गृहीतक म्हणून केलेली आहे. मी स्वतः अनेक बैठकांची इतिवृत्ते लिहिली आहेत. त्या कोरड्या कार्यालयीन भाषेत काय काय मावू शकते, हे या एका कागदावरून कळते.

जर्मन नागरिकालाही बिल चुकले नाही. लोकांच्या मोटारीसाठी आठवड्याला पाच मार्क भरणारे तीन लाखांहून अधिक लोक होते. त्यांतील एकालाही त्या राजवटीत गाडी मिळाली नाही, कारखाना लष्करी वाहने बनवू लागला. १९४८ मध्ये पश्चिम जर्मनीत चलन बदलले, तेव्हा जुन्या १०० मार्कांच्या ठेवीचे अखेर साडेसहा मार्क हाती आले.

लोकशाही देशही कर्ज काढून युद्धे लढतात, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण चर्चिल यांच्या सरकारला स्वदेशात प्रत्येक पौंडासाठी संसदेसमोर उभे राहावे लागे. त्याच सरकारचा भारतातील खर्च मात्र आपल्या मताविना होत होता. लंडनमध्ये पौंडांची नोंद आणि येथे रुपयांची छपाई, असा तो व्यवहार होता. महागाई भडकली, १९४३ चा बंगालचा दुष्काळ याच काळातला. म्हणजे राज्यकर्त्यांचे सौजन्य पुरेसे नसते. ज्याच्या खिशातून पैसा जातो, त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार असावा लागतो.

आपल्या घटनाकारांनी हा अधिकार कलमांत बांधला. कलम ११२ नुसार वार्षिक वित्तीय विवरणपत्र संसदेपुढे येते, ११४ नुसार विनियोजनाचा कायदा लागतो, १५१ नुसार नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल सभागृहात मांडले जातात. या तरतुदी कंटाळवाण्या वाटतात. अर्थसंकल्पाबाहेर उचललेली कर्जे हा विषय तर वृत्तपत्राच्या आतल्या पानावरही क्वचित येतो. अन्न महामंडळाला अल्पबचत निधीतून दिली जाणारी कर्जे २०२१-२२ च्या अर्थसंकल्पाच्या वेळी पुन्हा हिशेबात आणली गेली, ते योग्यच झाले. याची तुलना बर्लिनशी करणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण महालेखापरीक्षकांचा अहवाल उशिरा आला, किंवा संरक्षणाच्या मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या, तर ‘हे तांत्रिक आहे’ असे म्हणून पान उलटू नये. बर्लिनमध्येही सुरुवातीची सारी पावले तांत्रिकच होती.