मनाचा वस्ताद कुठे आहे?

पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीसारख्या गावात पोरगा कुस्ती हरला की वस्ताद जोर-बैठका वाढवतो, घरचे खुराक वाढवतात. मनाचे कोणी विचारत नाही. विचारलेच तर 'वेड लागलंय का?' हा टोमणा ठरलेला.

क्रीडा मानसशास्त्रज्ञ हा वेड्यांचा डॉक्टर नव्हे. श्वास कसा सांभाळावा, हुकलेला डाव मागे टाकून पुढच्यावर लक्ष कसे आणावे, हरल्यावर झोप उडाली तर काय करावे, हे तो शिकवतो. पोलीस सेवेतून आलेले नाशिकचे भीष्मराज बाम यांनी २०१७ मध्ये निधन होईपर्यंत नेमबाजांना, क्रिकेटपटूंना हेच शिकवले.

आपल्या मुलांच्या मनावर तर दुहेरी ओझे आहे. पालवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. त्याच बाळूंना पुण्यात चहा मात्र वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये उपांत्य सामना भारत हरला आणि हॉकीपटू वंदना कटारियाच्या घरासमोर जातीवाचक शिवीगाळ झाली. हा घाव खुराकाने भरत नाही. तो न ओळखणारा समुपदेशकही 'मन खंबीर कर' म्हणून मोकळा होईल.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी उपचार हा हक्क मानला आहे. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक तालमीच्या भिंतीवर लिहा. आणि जात समजणारा समुपदेशक तालुक्याला मिळावा, अशी मागणी जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे लेखी करा. आम्ही ही भीक मागत नाही, हक्क मागतो.